तेलाचा दाब: उसाच्या मिलपासून विमानाच्या शेपटीपर्यंत

साखर कारखान्याच्या मिलमध्ये उसाचा थर कधीच एकसारखा येत नाही. कापून-पिंजून आलेला ऊस एका क्षणी गच्च असतो, दुसऱ्या क्षणी विरळ. मधूनच एखादा दगडही येतो. तरीही रस पिळणाऱ्या वरच्या रोलरने त्या थरावर शेकडो टनांचा भार सतत ठेवायचा असतो, आणि तोही शक्यतो एकसारखा. भार कमी पडला तर साखर बगॅसबरोबर, म्हणजे पिळून उरलेल्या चोथ्याबरोबर, बॉयलरमध्ये जळून जाते, जास्त झाला तर रोलरच मोडायची वेळ येते. मग हा भार द्यायचा कशाने? रोलर स्क्रूने आवळून ठेवला तर जाड थर आला की काहीतरी तुटणार. स्प्रिंग लावली तर ती जितकी दबेल तितका तिचा जोर बदलत जाणार.

उत्तर आहे तेल. रोलरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर एकेक पिस्टन असतो आणि त्यावर दाबाखालचं तेल. तिथून एक नळी पोलादी बाटलीकडे जाते. बाटलीत रबराची पिशवी आणि पिशवीत नायट्रोजन वायू. याला अॅक्युम्युलेटर म्हणतात. जाड थर आला की रोलर वर उचलला जातो, पिस्टनवरचं थोडं तेल बाटलीत शिरतं आणि वायू जरासा आवळला जातो. थर पातळ झाला की वायू तेल परत ढकलतो आणि रोलर खाली येतो. भार जवळजवळ तेवढाच राहतो. दगड आला तरी रोलर उचलला जातो, त्याला पुढे जाऊ देतो आणि पुन्हा आपल्या जागी बसतो.

हायड्रोलिक म्हणजे प्रचंड ताकद, असं आपण धरून चालतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. ताकद तरफेनेही वाढते, गिअरनेही वाढते. द्रवाची खरी किमया अशी की जोर वळणावळणाच्या नळीतून हव्या त्या कोपऱ्यात नेता येतो, हवा तितका वेळ धरून ठेवता येतो आणि ‘याच्यापुढे नाही’ अशी मर्यादाही घालता येते. या तीन गुणांमुळे एकच तत्त्व ट्रॅक्टर, जहाज, खाण आणि विमान अशा सगळीकडे पोचलं. मात्र प्रत्येक ठिकाणी त्याची बांधणी वेगळी आहे, कारण प्रत्येक धंद्याची भीती वेगळी आहे. कोणाला काय मोडण्याची भीती वाटते हे पाहिलं की त्याची हायड्रोलिक यंत्रणा तशी का, ते आपोआप उलगडतं.

आधी मूळ तत्त्व पाहू. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो दाब सगळीकडे, सगळ्या दिशांना सारखाच पोचतो. हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडलं. त्याचा यावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा जोर. समजा, १ चौरस सेंटिमीटरच्या लहान पिस्टनवर आपण १० किलोचा जोर दिला. तोच दाब १०० चौरस सेंटिमीटरच्या मोठ्या पिस्टनखाली पोचला, तर तिथे १,००० किलोचा जोर तयार होतो. पास्कालने लिहिलं होतं की शंभरपट मोठ्या तोंडावरचा पिस्टन असेल तर एक माणूस शंभर माणसांची बरोबरी करेल.

फुकट मात्र काही मिळत नाही. मोठा पिस्टन १ सेंटिमीटर वर जायला लहान पिस्टन १०० सेंटिमीटर ढकलावा लागतो. गाडीखाली जॅक लावून दांडा इतक्या वेळा हापसावा लागतो तो यामुळेच. ताकद वाढली, अंतर घटलं. काम तेवढंच राहिलं.

आता पोकलेनचा हिशोब करू. अशा यंत्रांत तेलाचा दाब साधारण अडीचशे ते साडेतीनशे बार असतो. १ बार म्हणजे ढोबळमानाने प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १ किलो. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब जवळपास तेवढाच आहे. आतून १० सेंटिमीटर व्यासाचा सिलिंडर घेतला तर पिस्टनचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर येतं. २५० बार दाबाला त्यातून सुमारे २० टनांचा जोर निघतो. पिस्टनच्या दुसऱ्या बाजूला मात्र दांडा असतो आणि तो जागा खातो. म्हणून सिलिंडर बाहेर येताना जोर जास्त, आत जाताना कमी पण वेग जास्त. पोकलेन माती खणताना नीट पाहा: बकेट वळते, आर्म (बकेटचा पुढचा हात) आत ओढला जातो आणि बूम (मागचा मोठा हात) वर उचलला जातो तेव्हा तिन्ही सिलिंडर लांब होत असतात. अवघड काम ताकदीच्या बाजूला दिलेलं असतं.

पास्कालच्या तत्त्वाला कारखान्यात यायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, आणि अडसर होता गळतीचा. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रोलिक प्रेसचं पेटंट घेतलं. पण मोठा दांडा जिथून बाहेर येतो तिथल्या फटीतून पाणी सुटायचं. तोंड फार आवळलं तर दांडा अडकायचा, सैल सोडलं तर दाबच टिकायचा नाही. यावर हेन्री मॉडस्ले या त्याच्या कारागिराने तोड काढली असं मानलं जातं: वाटीसारख्या वळवलेल्या कातड्याचं कडं. पाण्याचा दाब त्या कड्यात शिरून त्याच्या कडा दांड्यावर दाबतो. दाब जितका वाढेल तितकं कडं घट्ट बसतं आणि दाब उतरला की दांडा मोकळा होतो. मला या सगळ्या इतिहासात हीच कल्पना सर्वांत देखणी वाटते. गळती ज्या दाबामुळे होते त्यालाच गळती थांबवायला लावलं. आजही साध्या सील किटमधलं रबरी सील याच युक्तीवर चालतं.

सुरुवातीची सगळी यंत्रं पाण्यावर होती. लंडनमध्ये तर रस्त्यांखालून दाबाच्या पाण्याच्या नळ्यांचं जाळं होतं आणि वीज घ्यावी तसा लोक त्यातून दाब विकत घेत. लिफ्ट, गोदीतल्या क्रेन त्यावर चालत. ती कंपनी १९७० च्या दशकापर्यंत तग धरून होती. १८९४ मध्ये खुला झालेला टॉवर ब्रिजही दाबाच्या पाण्यानेच उघडायचा. १९७६ मध्ये तिथे तेल आणि विजेची यंत्रणा आली. पाण्याने गंज चढतो, थंडीत ते गोठतं आणि वंगणाचं काम तर ते करतच नाही. तेल घासणाऱ्या भागांना वंगणही देतं. पुढे तेलात न फुगणारं कृत्रिम रबर मिळाल्यावर पाणी बहुतेक ठिकाणांहून हटलं.

यंत्रणेचे भाग मोजकेच. टाकी, पंप, वॉल्व आणि शेवटी सिलिंडर किंवा मोटर. पंप तेल ढकलतो. दाब पंपामुळे नाही तर अडथळ्यामुळे तयार होतो. रिकामी बकेट हवेत हलवताना दाब अगदी कमी असतो, ती खडकाला भिडली की दाब चढतो. चढून चढून तो ठरलेल्या मर्यादेला पोचला की रिलीफ वॉल्व उघडतो आणि तेल टाकीत परत जातं. म्हणून चांगलं यंत्र खडकापुढे मोडत नाही, थांबतं. ऑपरेटरने तरीही लिव्हर ओढून धरली तर इंजिनची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते, आणि तापलेल्या तेलाने सील कडक होऊन जातात.

शेतातल्या ट्रॅक्टरची भीती वेगळी होती. पूर्वीचे ट्रॅक्टर नांगर मागे नुसता ओढत. नांगराचा फाळ जमिनीतल्या खडकात अडकला आणि मागची चाकं फिरतच राहिली, तर ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाऊन तो चालकासकट मागे उलटायचा. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि वरच्या दांड्यावर येणारा रेटा हायड्रोलिक वॉल्वला ‘वाचायला’ लावला. जमीन कडक लागली की रेटा वाढतो, वॉल्व हलतो आणि लिफ्ट नांगर जरासा उचलते. मऊ जमीन आली की नांगर परत खाली. शिवाय नांगराचा आणि मातीचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते आणि उलटण्याचा धोका फार कमी होतो. १९३९ मध्ये फोर्डबरोबर आलेल्या ट्रॅक्टरमुळे ही रचना जगभर पोचली. आज आपल्याकडच्या ट्रॅक्टरला लिफ्टच्या ज्या दोन लिव्हर असतात, त्यातली ड्राफ्ट कंट्रोलची लिव्हर ती हीच. अनेक जण नांगरतानाही फक्त पोझिशन कंट्रोल, म्हणजे नांगर ठरलेल्या उंचीवर धरणारी दुसरी लिव्हर, वापरतात. कमी-जास्त कडक जमिनीत नांगरट करताना ड्राफ्टची लिव्हर वापरून पाहावी. डिझेलमध्ये आणि चाक घसरण्यात फरक जाणवतो.

विदर्भ-खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये प्रश्न आहे तो रुईच्या स्वभावाचा. सरकी काढलेली रुई दाबली की दबते, सोडली की पुन्हा फुगते. १७० किलोची गाठ बांधायची तर आधी प्रचंड दाबायची आणि पट्ट्या आवळून होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. मोठ्या चाकावर फिरणाऱ्या यांत्रिक प्रेसचा पूर्ण जोर स्ट्रोकच्या (खाली येणाऱ्या फेरीच्या) तळाशी मिळतो आणि ती तिथे थांबू शकत नाही. हायड्रोलिक प्रेसला कुठल्याही उंचीवर पूर्ण जोर मिळतो आणि ती हवी तितकी थांबते. चाकण-भोसरीच्या शेडमध्येही हाच फरक चालतो: पत्र्याचे भराभर तुकडे पाडायचे असतील तर यांत्रिक प्रेस, खोल भांड्यासारखा आकार हळू ओढायचा असेल तर हायड्रोलिक. जोराला वरची मर्यादा जवळपास नाहीच म्हणावी. विमानांचे मोठे भाग एकाच तुकड्यात घडवता यावेत म्हणून अमेरिकेने १९५० च्या दशकात ५०,००० टनांच्या प्रेस उभारल्या.

मुंबईच्या कोस्टल रोडसाठी मलबार हिलखालून बोगदा खोदणाऱ्या ‘मावळा’ यंत्राचा व्यास १२.१९ मीटर होता. एवढं धूड खडकात पुढे रेटायचं तर मागे टेकायला काहीतरी हवं. यंत्र स्वतःच मागे काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं उभारतं आणि गोलाकार लावलेले हायड्रोलिक जॅक त्या कड्याला पाय टेकून पुढे ढकलतात. जॅक पूर्ण लांब झाले की त्यातले काही आत घ्यायचे, तिथे काँक्रीटचा नवा तुकडा बसवायचा, मग पुढचे काही. एका बाजूच्या जॅकना जास्त तेल दिलं की यंत्र वळतं. बोगदा आणि त्याचं आधारकडं असे एकमेकांच्या जोरावर पुढे सरकतात.

कोळशाच्या खाणीत भीती आहे आगीची. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या खाणीत कोळशाची वॅगन पाळण्यात (खाणीच्या लिफ्टमध्ये) नीट न बसता वर ओढली गेली. तिने विजेच्या तारा आणि दाबाखालच्या तेलाची नळी एकाच वेळी तोडली. तेलाचा फवारा पेटला. २६२ माणसं मेली, त्यातली १३६ इटलीहून मजुरीसाठी आलेली होती. बादलीतलं हायड्रोलिक तेल सहज पेटत नाही, पण दाबाने उडालेला त्याचा बारीक फवारा पेटतो. यानंतर युरोपातल्या खाणींनी सहज न पेटणाऱ्या द्रवांकडे गांभीर्याने पाहिलं. आज जमिनीखाली छत तोलून धरणाऱ्या हायड्रोलिक आधारांत बहुतांश पाणीच असतं, थोडं तेल मिसळलेलं. एका अर्थाने ब्रामाचं पाणी खाणीत परत आलं. पोलाद आणि डायकास्टिंगच्या कारखान्यांतही वितळलेल्या धातूशेजारी पाणी-ग्लायकोल वापरतात, याच कारणाने.

विमानात भीती आहे ती तेल निघून जाण्याची. मोठ्या विमानाचे पंखावरचे आणि शेपटीवरचे पडदे हवेच्या रेट्याविरुद्ध हाताने हलत नाहीत. म्हणून एअरबस ए-३२० मध्ये हिरवी, निळी आणि पिवळी अशा तीन स्वतंत्र यंत्रणा असतात. एकीचं तेल दुसरीत जात नाही. पण स्वतंत्र म्हणजे काय, हे उड्डाणक्षेत्राने फार मोठी किंमत देऊन शिकलं. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या ७४७ विमानाची मागची दाबभिंत (केबिनमधली दाबाची हवा अडवणारी भिंत) फुटली, शेपटीचा उभा पंख उडाला आणि चारही यंत्रणांचं तेल वाहून गेलं. ५२० जण गेले. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेडच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनचं चक्र फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही यंत्रणांच्या नळ्या कापल्या, कारण त्या शेपटीत एकमेकींच्या जवळून जात होत्या. पंप वेगळे, टाक्या वेगळ्या, वाट मात्र एकच. कॅप्टन अल हेन्स आणि सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमानातल्या २९६ जणांपैकी १८४ वाचले. नंतर डीसी-१० विमानांत असे वॉल्व बसवले गेले की शेपटीतली नळी फुटली तरी काही तेल यंत्रणेत अडून राहावं. ए-३८० मध्ये तर दोन हायड्रोलिक यंत्रणांच्या जोडीला विजेवर चालणारे पर्याय दिले. दाब मात्र वाढवला: नेहमीच्या सुमारे २०७ बारऐवजी ३४५ बार, म्हणजे सिलिंडर आणि नळ्या लहान, वजन कमी.

जहाजाचं सुकाणूही असंच तेलावर फिरतं. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की पूर्ण वेगात सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांवर २८ सेकंदांत गेलं पाहिजे. १६ मार्च १९७८ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘अमोको कॅडिझ’ टँकरच्या सुकाणूचं हायड्रोलिक तेल निघून गेलं, जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे २,२०,००० टन कच्चं तेल समुद्रात सांडलं.

या सगळ्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखाली रोज असते ती यंत्रणा म्हणजे कारचा ब्रेक. (ट्रक आणि एसटीला ब्रेक बहुधा हवेच्या दाबाचे असतात, ते वेगळं प्रकरण.) ब्रेक ऑइल म्हणतात ते तेल नसतं, ग्लायकोलसारखं रसायन असतं आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट-४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल शोषलेल्या द्रवासाठी तो आकडा १५५ अंशांवर येतो. कसारा किंवा आंबेनळी घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की चाकाजवळचा द्रव इतका तापू शकतो. द्रव दबत नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दबते, म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा आणि गाडी कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला.

मोठ्या यंत्रांचे बहुतेक बिघाड मोडण्यातून नाही, घाणीतून येतात. वॉल्वच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी बारीक. डोळ्याला न दिसणारी धूळ तिथे कानस चालवते. शेतातच होज पाइप बदलायचा, उघडं तोंड चिंधीने झाकायचं, उघड्या डब्यातून अडुसष्ट नंबरचं तेल ओतायचं. हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि सहा महिन्यांनी पंप गेला की दोष पंपाला दिला जातो. उघड्या तोंडांना टोप्या लावा, तेल फिल्टरमधून भरा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, फेसाळलं तर कुठेतरी हवा ओढली जाते आहे.

आणि तेलावर उचललेल्या वजनाखाली कधीच जाऊ नका. १८४९ मध्ये वेल्समधल्या ब्रिटानिया पुलाची अजस्र लोखंडी नळी हायड्रोलिक प्रेसने वर चढवत असताना प्रेसच्या सिलिंडरचा तळच फुटला. नळी काही इंचच खाली आली, कारण रॉबर्ट स्टीफन्सनच्या आग्रहावरून ती जसजशी वर जाईल तसतसा खाली आधार रचला जात होता. डंपिंग ट्रॉली उचलून खाली ग्रीस मारायला शिरण्यापूर्वी तिला लोखंडी टेकू द्यायला मिनिटभर लागतं.

शेवटची गोष्ट खेड्यातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये लावून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. होज पाइपला सुईच्या अग्राएवढं छिद्र पडलं तर त्यातून निघणारी तेलाची धार कातडीतून आरपार आत शिरते. ती नेहमी दिसतही नाही. म्हणून गळती हात फिरवून शोधायची नाही. पुठ्ठा किंवा फळी धरून शोधायची. दुरुस्तीआधी इंजिन बंद करा, बकेट किंवा ट्रॉली जमिनीवर टेकवा, लिव्हर मागे-पुढे हलवून अडकलेला दाब सोडा. अॅक्युम्युलेटर असेल तर तो वेगळा रिकामा करा. तेल शिरलेली जखम सुरुवातीला फक्त टोचल्यासारखी दिसते, फारशी दुखतही नाही. काही तासांत हात सुजतो, आतल्या पेशी मरू लागतात आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. मलमपट्टी करून घरी पाठवण्यासारखी ही जखम नाही. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, हाताची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जायचं, ‘दाबाखालचं हायड्रोलिक तेल आत गेलं आहे’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं आणि तेलाच्या डब्यावरचं नाव सोबत न्यायचं.